पाल्यातून दुधात



कवीला रेडिओवर बोलावलं की तो कवितेवर बोलणार, असं सगळे गृहीत धरतात. आज मी शेळीच्या दुधातल्या फॅटवर बोलणार आहे. पुस्तकात त्याला 'स्निग्धांश' म्हणतात. पण डेअरीवर दूध घालायला गेलेला माणूस 'आज स्निग्धांश किती?' असं विचारत नाही. तो विचारतो, 'फॅट किती लागली?' म्हणून मीही फॅटच म्हणेन.

हा विषय माझ्याकडे कसा आला, ते थोडक्यात सांगतो. बी.ए. झालो तेव्हा माझ्या कविता छापून येत होत्या, पण त्यावर चूल पेटत नव्हती. म्हणून काही वर्षं एका दूध संकलन केंद्रावर मी वही लिहायचं काम केलं. लिटर, फॅट, डिग्री, दर आणि रक्कम असे रकाने. एक पान गाईचं, एक पान म्हशीचं. शेळीचं पान नव्हतंच. कुणी बाई चरवीत शेळीचं दूध घेऊन आली तर तिला परत पाठवावं लागे, कारण गाईच्या दुधात शेळीचं दूध मिसळणं म्हणजे भेसळ. नियम बरोबरच होता. पण गाय-म्हैस घेण्याची ऐपत नसलेल्या बाईचं दूध वहीत चढतच नाही, ही गोष्ट मनात राहिली. तेव्हापासून या दुधाबद्दल जे मिळेल ते वाचत गेलो, जाणकारांना विचारत गेलो.

आमच्या घरीही शेळ्या होत्या. घरात आम्ही दखनी बोलायचो, अंगणात आणि शाळेत मराठी. शेळ्यांना दोन्ही भाषा कळत. अम्मा त्यांना चारायला नेई. बकरी ईद जवळ आली की दाराशी येणारा माणूस बोकडाचं वजन विचारी, दात बघे. दूध किती देते, असं शेळीबद्दल कुणी विचारत नसे. 'शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड' ही म्हण आपल्याला पाठ आहे. तिच्या दुधाबद्दल मात्र एकही म्हण मला आठवत नाही.

आणि तरीही हे दूध कमी नाही. २०१९च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १४ कोटी ८९ लाख शेळ्या होत्या, त्यातल्या एक कोटीहून अधिक आपल्या महाराष्ट्रात. शेळीच्या दुधाच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे. देशातल्या एकूण दुधात मात्र शेळीचा वाटा जेमतेम तीन-साडेतीन टक्के. बरंचसं दूध करडं पितात, उरलेलं घरच्या चहात जातं.

आता फॅटकडे येतो. शेळीचं दूध गाईच्या दुधाशेजारी रात्रभर ठेवून पाहा. गाईच्या कच्च्या दुधावर फॅटचा थर चढतो. शेळीच्या दुधावर तो सहज चढत नाही. याची कारणं दोन. एक म्हणजे फॅटचे कण लहान. गाईच्या दुधात त्यांचा व्यास सरासरी साडेचार मायक्रॉनच्या आसपास, शेळीच्या दुधात साडेतीनच्या. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दुसरं म्हणजे गाईच्या दुधात या कणांचे पुंजके करणारं एक प्रथिन असतं, ते शेळीच्या दुधात नसतं. कण सुटे सुटे राहतात, वर यायला वेळ लावतात. तापवल्यावर साय पातळ दिसली म्हणून दूध पाण्याचं, असं समजू नये. फॅट आहे, ती सगळीकडे पसरलेली आहे.

रंगाचंही तसंच. गाईचं तूप पिवळं असतं, कारण चाऱ्यातलं कॅरोटीन तिच्या दुधात काही प्रमाणात तसंच उतरतं. शेळी त्याचं 'अ' जीवनसत्त्व करून टाकते. म्हणून तिचं लोणी पांढरंशुभ्र.

आणि वास? या वासाला रसायनशास्त्रात कायमची जागा मिळाली आहे. फॅट ही मेदाम्लांची बनलेली असते. शेव्हरल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं प्राण्यांच्या चरबीवर आणि लोण्यावर बरीच वर्षं काम करून १८२३ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. लोण्यात सापडलेल्या दोन उग्र वासाच्या आम्लांना 'काप्रोइक' आणि 'काप्रिक' ही नावं त्याच्याच कामातून आली. पुढे 'काप्रिलिक' या तिसऱ्याची भर पडली. तिन्ही नावं लॅटिनमधल्या 'काप्रा' या शब्दावरून आली आहेत. काप्रा म्हणजे शेळी. मकर राशीला इंग्रजीत कॅप्रिकॉर्न म्हणतात, त्यातही तीच आहे. एका गरीब जनावराचं नाव तीन आम्लांना मिळावं, हे शब्दांत रमणाऱ्या माणसाला गंमतीचं वाटतं.

नावं योग्यच आहेत. शेळीच्या दुधातल्या मेदाम्लांपैकी सुमारे १५ टक्के ही तीन आम्लं असतात. गाईच्या दुधात ती साधारण पाच ते सात टक्के. ताज्या दुधात ती फॅटच्या कणांमध्ये बांधलेली असतात, तेव्हा वास जाणवत नाही. दूध हेंदकाळलं, नीट न तापवता बराच वेळ ठेवलं, तर दुधातलंच एक विकर ती सोडवतं आणि मग वास सुटतो. त्यात बोकड जवळ बांधला असेल तर त्याच्या अंगाचा वास निराळाच. म्हणून जुनी माणसं सांगत की धार काढताना बोकड लांब ठेवा, कास पुसून घ्या आणि दूध लगेच तापवा. त्यामागचं रसायन त्यांना ठाऊक नसेल, पण सांगणं खरं होतं.

ही आम्लं तयार होतात कुठे? इथे पाल्याचा संबंध येतो. शेळी पाला खाते, रवंथ करते. तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात. ते पाल्याच्या, कडब्याच्या तंतूंचं विघटन करून ॲसेटिक आम्ल बनवतात. तेच, जे व्हिनेगरमध्ये असतं. ते रक्तातून कासेत येतं आणि तिथं दोन-दोन मणी ओवून माळ करावी तसं, दोन-दोन कार्बन जोडत मेदाम्ल तयार होतं. चार, सहा, आठ, दहा, असं करत सोळापर्यंत. शेळीच्या कासेतल्या बऱ्याच माळा आठ-दहा मण्यांवरच तुटून पडतात. तेच तिचं काप्रिलिक आणि काप्रिक.

अठरा मण्यांच्या लांब माळा मात्र कास करत नाही. त्या बाहेरून येतात. एक तर खाण्यातल्या तेलातून, नाहीतर शेळीच्या अंगावरच्या चरबीतून. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचं सगळं सोपं आहे. दुधातली फॅट थोडी कासेत घडते, थोडी चाऱ्यातून येते आणि थोडी शेळीच्या अंगातून.

आधी जातीचं पाहू. स्वित्झर्लंडमधल्या झाने नदीच्या खोऱ्यातली पांढरी सानेन शेळी दिवसाला तीन लिटर आणि त्याहून अधिक दूध देते, पण तिची फॅट साधारण साडेतीन टक्के, कधी त्याहून कमी. लांब कानांची अँग्लो-न्यूबियन दूध तिच्यापेक्षा कमी देते, पण फॅट साडेचार ते पाच. ही जात इंग्लंडमध्ये तयार झाली खरी, पण तिच्या अंगात आपल्या यमुना-चंबळच्या खोऱ्यातल्या जमनापारीचं रक्त आहे. बोटीतून नेलेल्या बोकडांमधून ते तिकडे पोचलं. आणि मूळची पश्चिम आफ्रिकेतली बुटकी शेळी, जी अमेरिकेत दुधासाठी पाळतात, ती दूध थोडंच देते, पण फॅट सहा टक्क्यांच्या घरात. नियम साधा आहे. दूध वाढलं की फॅटची टक्केवारी बहुधा उतरते. घागरभर पाण्यात आणि तांब्याभर पाण्यात एकाच मुठीएवढा गूळ टाकला तर गोडी सारखी कशी लागेल?

आपल्याकडे उस्मानाबादी, संगमनेरी, सुरती, कोकण कन्याळ आणि बेरारी या जाती. उस्मानाबादी काळीभोर, जुळी करडं देणारी, उन्हाला न हटणारी. तिच्या जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं, शेळीचं नाव मात्र लोकांच्या तोंडी तेच आहे. ती दिवसाला अर्धा ते दीड लिटर दूध देते. सानेनशी तिची लिटरमध्ये तुलना करणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणंच आहे. सानेनला थंड हवा, भरपूर चारा आणि गोठा लागतो. उस्मानाबादी बोरीच्या काटेरी फांदीवर मागचे दोन पाय रोवून उभी राहते आणि त्यातून दूध काढून देते.

जातीच्या आतही फरक असतो. १९८०च्या दशकात फ्रान्समधल्या संशोधकांना एक जनुक सापडलं. दुधातलं एक महत्त्वाचं प्रथिन किती बनायचं, ते त्या जनुकाच्या प्रकारावर ठरतं. काही शेळ्यांत ते भरपूर बनतं, काहींत जवळजवळ नाहीच. पुढे दिसून आलं की ज्यांच्यात ते जास्त, त्यांच्या दुधात फॅटही जास्त; आणि ज्यांच्यात कमी, त्यांच्या दुधाला शेळीचा वास अधिक. म्हणजे एकाच दावणीला बांधलेल्या, एकच पाला खाणाऱ्या दोन बहिणींची फॅट वेगवेगळी लागू शकते. फ्रान्सच्या चीजवाल्यांनी हे हेरलं आणि बोकड निवडताना ते जनुक तपासायला सुरुवात केली. आपल्याकडे बोकड निवडला जातो तो अंगापिंडावरून. त्याची आई किती आणि कसं दूध देत होती, हे विचारलं जात नाही. हे विचारायला प्रयोगशाळा लागत नाही, शेजारणीला विचारलं तरी चालतं.

आता खाण्याचं. 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?' हे दुधाला शब्दशः लागू आहे. हिरव्या पाल्यात, लसूणघासात ओमेगा-तीन जातीचं मेदाम्ल असतं. पोटातले सूक्ष्मजीव त्याचा बराच भाग बदलून टाकतात, तरीही काही दुधात उतरतं. शिवाय या बदलात जे मधले पदार्थ तयार होतात, त्यांच्यापासून कास आणखी एक उपयुक्त मेदाम्ल बनवते. म्हणून रानात चरणाऱ्या शेळीच्या दुधाची फॅट ही कोरड्या कडब्यावर बांधून ठेवलेल्या शेळीच्या फॅटहून वेगळी असते. आकडा तोच लागेल कदाचित, पण आतला मामला निराळा. चारा वाळला की ही चांगली मेदाम्लं त्यातून बरीचशी उडून जातात.

पेंडीचं वेगळं आहे. सरकी किंवा दुसरी तेलाची पेंड दिली, तर अठरा कार्बनच्या लांब माळा वाढतात आणि कासेत घडणाऱ्या दहा ते सोळा कार्बनच्या माळा कमी होतात. सर्वांत लहान माळा मात्र फारशा हलत नाहीत. खुराक बदला, शेळीची मूळची खूण शिल्लक राहतेच. आणखी एक मजा आहे. गाईला जास्त तेल दिलं तर तिची फॅट पुष्कळदा उतरते. शेळीला दिलं तर बहुधा चढते. ती गाईची लहान आवृत्ती नाही. गाईची पुस्तकं वाचून शेळी पाळू नये, ती एवढ्यासाठी.

आणि भरड? मका-ज्वारीची भरड भरपूर आणि चारा कमी असं केलं, तर तंतू कमी पडतात, ॲसेटिक आम्ल कमी बनतं, फॅट उतरू लागते आणि शेवटी पोट बिघडतं. म्हणून आधी पाला-चारा, मग मूठभर खुराक, हा क्रम. शेवरी, हादगा, सुबाभूळ बांधावर लावली तर उन्हाळ्यातही हिरवं मिळतं. सुबाभूळ मात्र दुसऱ्या पाल्यात मिसळून द्यावी, नुसत्या तिच्यावर शेळी ठेवू नये. तिच्यात एक बाधणारा पदार्थ असतो.

आता मला जे सांगायचं आहे, त्याच्याकडे येतो. १९७२च्या दुष्काळाच्या गोष्टी मी अम्माकडून ऐकल्या. त्यानंतरचे दुष्काळ स्वतः पाहिले. चैत्र-वैशाखात पाला संपतो. शेळीला पोटभर मिळत नाही, पण करडू लुचत असतं. तेव्हा शेळी काय करते? अंगावरची चरबी विरघळवून दुधात उतरवते. ही कवीची कल्पना नाही, प्रयोगशाळेत दिसतं ते. उपाशी शेळीच्या दुधात कासेत घडणारी आठ-दहा कार्बनची आम्लं घटतात आणि अंगातल्या चरबीची अठरा कार्बनची आम्लं वाढतात. दूध कमी झालेलं असतं, त्यामुळे फॅटची टक्केवारी कधी कधी चढलेली दिसते. यंत्रावर आकडा चांगला आणि दारात उभ्या शेळीच्या बरगड्या मोजता येतात, असं होऊ शकतं.

वही लिहिण्याच्या काळात मला वाटे की आकडा खोटं बोलत नाही. बोलत नाहीच. पण तो सगळं सांगतही नाही. दूध कितीचं, हे तो सांगतो. ते कुणाच्या अंगातून आलं, हे सांगत नाही. ज्या आयांनी दुष्काळात स्वतः उपाशी राहून मुलं अंगावर पाजली, त्यांच्याबद्दलही कुठल्या वहीत काही लिहिलेलं नाही.

या दुधाबद्दल दोन टोकांची बोलणी चालतात. एक म्हणजे वास येतो, म्हणून हलकं. दुसरं म्हणजे सर्व रोगांवर औषध. डेंगीची साथ आली की शहरांत शेळीच्या दुधाचे भाव शेकड्यांत जातात, कारण त्यानं प्लेटलेट वाढतात असा समज. याला भरवशाचा पुरावा नाही. त्यात काही जण ते कच्चंच पितात, आणि ते धोक्याचं आहे. माल्टा बेटावर ज्या तापानं इंग्रजी सैनिक हैराण होते, त्याचे जंतू शेळीच्या कच्च्या दुधातून येतात, हे १९०५ मध्ये सिद्ध झालं. तो ताप, ज्याला ब्रुसेलोसिस म्हणतात, आपल्याकडेही आहे. दूध उकळूनच प्यावं. दुसरी गोष्ट आयांसाठी. वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी नुसतं शेळीचं दूध देऊ नये. त्यात फोलेट हे जीवनसत्त्व फार कमी असतं. केवळ त्यावर वाढलेल्या बाळांना रक्तक्षय झाल्याचं शंभर वर्षांपासून माहीत आहे. आणि ज्याला गाईच्या दुधाची ॲलर्जी, त्याला शेळीचं चालेलच असंही नाही.

मग गुण कोणता? ती आठ-दहा कार्बनची आम्लं. ती पचायला पित्तरसाची फारशी गरज लागत नाही, आतड्यातून थेट यकृताकडे जातात. ज्यांना साधी फॅट पचत नाही अशा रुग्णांच्या आहारात डॉक्टर याच जातीची फॅट वापरतात. म्हणजे ज्या आम्लांमुळे या दुधाला नावं ठेवली गेली, त्यांच्यातच त्याचा गुण आहे.

गांधीजींनी दूध न पिण्याचं व्रत १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत घेतलं. १९१८च्या मोठ्या आजारानंतर शक्ती भरून येईना, तेव्हा कस्तुरबांनी सुचवलं की व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती, शेळीचं दूध घ्यायला हरकत नाही. १९१९च्या जानेवारीत त्यांनी ते घेतलं. व्रताचा शब्द राहिला, अर्थ गेला, ही खंत त्यांनी आत्मकथेत नोंदवली आहे. मला यात कस्तुरबांचं शहाणपण दिसतं. घर चालवणाऱ्या बाईला शेळी आठवते.

श्रोतेहो, मागणं फार नाही. शेळीचं दूध गोळा करायची सोय व्हावी, तिच्यासाठी वेगळं पान उघडावं. दर ठरवताना नुसती टक्केवारी बघू नये, शेळीला काय खायला मिळतं तेही विचारावं. गायरानं शाबूत राहावीत, बांधावर चार झाडं राहावीत. ती झाडं तोडली तर दुधातून काय नाहीसं होतं, हे आपल्याला आता ठाऊक आहे. आणि ज्यांच्या दारात शेळी आहे, त्यांनी उद्या सकाळी धार काढण्याआधी तिच्या पाठीवरून हात फिरवून बघावा. मणके हाताला लागले, तर त्या दिवशी करडासाठी जरा जास्त दूध सोडावं आणि संध्याकाळी तिच्यापुढे पाल्याचा एक भारा जास्त टाकावा.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)